शाळेतील नवोपक्रम: प्रारंभ सोपा, सातत्य अवघड

शाळेत किंवा महाविद्यालयात एखादा नवा उपक्रम सुरू करणे ही गोष्ट आता अवघड राहिलेली नाही. शासनाचे परिपत्रक निघते, तालुक्याच्या गावी दोन-तीन दिवसांचे प्रशिक्षण होते, शाळेच्या भिंतीवर तक्ता लागतो, उद्घाटनाचे छायाचित्र वरिष्ठ कार्यालयाकडे रवाना होते आणि उपक्रम सुरू झाल्याची नोंद दप्तरी पडते. अवघड असते ते पुढचे. तिसऱ्या वर्षी तो तक्ता कोठे आहे, प्रशिक्षण घेतलेले शिक्षक कोठे बदलून गेले आणि ज्या मुलांसाठी हा सारा खटाटोप केला त्यांच्या शिकण्यात कोणता फरक पडला, हे विचारणारे कोणी उरत नाही. तोवर नवे परिपत्रक येऊन पोहोचलेले असते. अशा अनुभवातून वारंवार गेलेल्या शिक्षकाच्या मनात नव्या कल्पनेविषयी जी उदासीनता साचते, तिला आळस असे नाव देऊन मोकळे होण्याची रीत आहे. त्या उदासीनतेची कारणे शोधण्याचे कष्ट मात्र क्वचितच घेतले जातात.

या देशाच्या शिक्षणक्षेत्रात नव्या कल्पनांचा दुष्काळ कधीच नव्हता. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने अभ्यासक्रमाच्या रूपात आणलेली नई तालीम ही कोणत्याही देशाने अभिमान बाळगावा अशी कल्पना होती. हाताने केलेल्या उत्पादक कामातून मुलाने गणित, भूगोल, विज्ञान आणि समाजजीवन शिकावे, हा तिचा गाभा होता. सेवाग्रामला तो गाभा जिवंत होता. परंतु सामान्य शाळांवर जेव्हा आदेशाने मूलोद्योगाची पाटी लागली, तेव्हा बहुतेक ठिकाणी टकळी आली, सूत आले, गुंड्यांचा हिशेबही आला. त्या सुतातून निघावयाचे गणित मात्र आले नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये आपला अहवाल दिला तेव्हा मूलोद्योगाच्या जागी कार्यानुभव हा शब्द आला होता.

पुढे १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर खडू-फळा योजना आली. प्राथमिक शाळांना किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शैक्षणिक साहित्य मिळावे, हा तिचा हेतू निर्विवाद चांगला होता. साहित्य शाळेत पोहोचलेही. पण ते पोहोचताच डेडस्टॉकच्या नोंदवहीत चढले. नोंदवहीतली वस्तू फुटली किंवा हरवली तर जाब द्यावा लागतो, हे प्रत्येक मुख्याध्यापकास ठाऊक असते. आणि वापरली नाही तर जाब द्यावा लागत नाही, हेही ठाऊक असते. परिणामी कित्येक शाळांतील भिंगे आणि चुंबक कपाटात सुरक्षित राहिले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. प्रत्येक मुलाकडे वर्षभर बारकाईने पाहून शिक्षकाने त्याच्याविषयी चार वाक्ये स्वतःच्या शब्दांत लिहावीत, अशी ही सुंदर अपेक्षा. थोड्याच काळात वर्णनात्मक नोंदींची तयार, छापील पुस्तके बाजारात आली आणि मुलाकडे न पाहताच त्याचे वर्णन लिहिण्याची सोय झाली.

तिन्ही उदाहरणांत कल्पना चांगली होती, ती आणणाऱ्यांचा हेतूही प्रामाणिक होता. मग बिघडते कोठे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास मध्य प्रदेशातील एका प्रयोगाइतका उपयोगी दाखला दुसरा क्वचितच सापडेल. तो तब्बल ३० वर्षे टिकला, हजाराच्या आसपास शाळांपर्यंत पोहोचला आणि एका आदेशाने संपला. तो टिकला का आणि संपला का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे महाराष्ट्रातील शिक्षकांना आज उपयोगी पडणारी आहेत.

सोळा शाळांपासून हजार शाळांपर्यंत

नर्मदाकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यात (आता त्याचे नाव नर्मदापुरम् असे आहे) १९७२ मध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि बनखेडीजवळील किशोर भारती या दोन संस्थांनी राज्य शासनाची परवानगी घेऊन १६ माध्यमिक शाळांमध्ये, म्हणजे तिकडच्या परिभाषेत सहावी ते आठवीच्या वर्गांत, विज्ञान नव्या रीतीने शिकविण्यास आरंभ केला. किशोर भारतीचे प्रवर्तक डॉ. अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून खेड्यात गेलेले शास्त्रज्ञ. त्या संस्थेतील इतर शास्त्रज्ञ आणि पुढे दिल्ली विद्यापीठातील अध्यापक यांनीही या कामास हातभार लावला. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या अध्यापकांना खेड्यातील शाळांसाठी वेळ देता यावा म्हणून पाठ्यवृत्त्यांची सोय केली होती. विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचा अध्यापक आणि खेड्यातील सहावीचा शिक्षक एका बाकावर बसून एकच प्रयोग करीत आहेत, हे दृश्य भारतीय शिक्षणात विरळाच.

कार्यक्रमाची मूळ कल्पना सोपी होती. मुलांनी विज्ञान वाचावयाचे नाही, करावयाचे. 'बाल वैज्ञानिक' हे त्यांचे पुस्तक माहिती सांगत नसे. प्रयोग सुचवी आणि प्रश्न विचारी. उत्तर मुलाने चार-चारांच्या गटात प्रयोग करून स्वतःच्या वहीत लिहावयाचे. मुले शिवारात जाऊन पाने गोळा करीत, मुळे उपटून पाहात आणि पानांच्या शिरा जाळीदार असतील तर मूळ सोटमूळ निघते, शिरा समांतर असतील तर मुळांचा झुपका निघतो, हा नियम स्वतःच शोधून काढीत. फुलाची चिरफाड करण्यास बाभळीचा काटा पुरे होई. ज्या गावात प्रयोगशाळेची खोली नव्हती, तेथे अशा रीतीने शिवाराचीच प्रयोगशाळा झाली. मुलांना पडणारे प्रश्न त्यांनी 'सवालीराम' या कल्पित व्यक्तीला पत्राने विचारावेत आणि त्यांना उत्तर यावे, अशीही व्यवस्था होती.

सहा वर्षांच्या अनुभवानंतर, १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत लागू झाला. त्यांची संख्या दोनशेहून अधिक होती. १९८२ मध्ये हे काम पुढे नेण्यासाठी 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली. हळूहळू चौदा-पंधरा जिल्ह्यांतील सुमारे एक हजार शाळा आणि लाखभर विद्यार्थी या कार्यक्रमाच्या कक्षेत आले. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, या निवडक खासगी शाळा नव्हत्या. मोडक्या बाकांच्या, गळक्या छपरांच्या, सामान्य पगारी शिक्षकांच्या सरकारी शाळा होत्या. उत्तम साधनांच्या शाळेत उत्तम प्रयोग करून दाखविणे फारसे कठीण नसते. सामान्य शाळेत तो तीन दशके चालणे, ही कठीण गोष्ट येथे घडली.

परीक्षा बदलली, म्हणून अध्यापन बदलले

हे कसे घडले, याचे उत्तर पुस्तकापेक्षा पुस्तकाभोवतीच्या व्यवस्थेत सापडते. पहिली गोष्ट परीक्षेची. शिकवावयाचे प्रयोगातून आणि परीक्षा घ्यावयाची पाठांतराची, असा दुटप्पीपणा या कार्यक्रमाने नाकारला. आठवीच्या परीक्षेत विद्यार्थ्याने पुस्तक आणि स्वतःची वही उघडी ठेवून उत्तरे लिहावीत, अशी मुभा होती. शिवाय प्रात्यक्षिकाची स्वतंत्र परीक्षा असे. प्रश्न असे की, ज्याने वर्षभर प्रयोग केले त्यालाच वहीचा उपयोग व्हावा. परीक्षा बदलताच शिक्षकाला प्रयोग टाळून चालेना आणि पालकाला गाइड विकत घेऊन भागेना. शाळेतील अध्यापन हे परीक्षेच्या सावलीत चालते. ती सावली हलविल्याशिवाय अध्यापन हलविण्याचे प्रयत्न व्यर्थ होत, हे या कार्यक्रमाने ओळखले होते.

दुसरी गोष्ट शिक्षकाच्या सोबतीची. प्रशिक्षण दोन दिवसांत उरकले जात नसे. उन्हाळ्याच्या सुटीत तीन-तीन आठवड्यांची शिबिरे होत आणि शिक्षक ओळीने तीन वर्षे त्यांना येत. तेथे त्याला भाषणे ऐकावी लागत नसत. जो प्रयोग मुलांकडून करून घ्यावयाचा तो आधी स्वतः करावा लागे. वर्ष सुरू झाल्यावर अनुवर्तन, म्हणजे शाळेस प्रत्यक्ष भेट, असे. भेट देणारा बहुधा जवळच्याच शाळेतील अनुभवी शिक्षक असे आणि तो तपासणीसाठी न येता अडचण सोडविण्यासाठी येई. महिन्यातून एकदा परिसरातील शिक्षक संगम केंद्रावर जमत. कोणता प्रयोग फसला, का फसला, मुलांनी कोणते अवघड प्रश्न विचारले, यांची चर्चा होई. पुस्तकाच्या पुनर्लेखनात आणि प्रश्नपत्रिका काढण्यात याच शिक्षकांचा सहभाग असे. हुकमाचा ताबेदार म्हणून नव्हे, तर कार्यक्रमाचा कर्ता म्हणून त्याला स्थान होते.

तिसरी गोष्ट साहित्याची. प्रयोगाचे साहित्य मोडणार, संपणार आणि हरवणार, हे गृहीत धरून ते पुन्हा भरून देण्याची तजवीज होती. मोडलेली परीक्षानळी ही वापरलेली परीक्षानळी असते, एवढे साधे सत्य हिशेबाच्या वहीला मान्य करावयास लावणे ही शैक्षणिक सुधारणेतील सामान्य गोष्ट नव्हे.

एका आदेशाने अखेर

असा कार्यक्रम २००२ च्या जुलैमध्ये राज्य शासनाने बंद केला. देशातील नामवंत शास्त्रज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ यांनी केलेल्या विनंत्यांचा उपयोग झाला नाही. जिल्हा नियोजन समितीत बंद करण्याची मागणी झाली होती. संपूर्ण राज्यात एकच पाठ्यपुस्तक असावे, वेगळ्या पुस्तकामुळे जिल्ह्यातील मुले दहावीच्या परीक्षेत मागे पडतात, असे युक्तिवाद पुढे आले. याच सुमारास एकलव्यचे सामाजिक शास्त्रांच्या अध्यापनाचे कामही शासकीय शाळांतून थांबविण्यात आले.

या निर्णयाचा निषेध करणे सोपे आहे. त्यापासून शिकणे अधिक आवश्यक आहे. समानता आणि एकसारखेपणा यांत गल्लत करणारा शासकीय दृष्टिकोन तर दोषी आहेच. परंतु कार्यक्रमाच्या रचनेतही काही उणिवा होत्या. तो आठवीपाशी थांबत होता. नववीत गेलेल्या मुलापुढे पुन्हा जुनेच पुस्तक आणि जुनीच परीक्षा येई. प्रश्न विचारण्यास शिकलेल्या मुलाला एकाएकी व्याख्या पाठ करणाऱ्यांच्या रांगेत उभे राहावे लागे, आणि त्याच्या पालकाला वाटणारी चिंता काल्पनिक म्हणता येणार नाही. शिक्षकांची पहिली पिढी निवृत्त झाली, बदल्या झाल्या, मासिक बैठकांची उपस्थिती घटली, साहित्याचा पुरवठा अनियमित झाला. सर्वांत महत्त्वाचे असे की, ३० वर्षांनंतरही या कार्यक्रमाचा दर्जा अखेर परवानगीने चालणाऱ्या प्रयोगाचाच राहिला. परवानगीने आलेली गोष्ट परवानगी काढून घेताच जाते. तिच्यासाठी उठून उभे राहतील असे पालक गावोगाव पुरेशा संख्येने तयार झालेले नव्हते.

तरीही त्या ३० वर्षांचे श्रम वाया गेले, असे म्हणता येणार नाही. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ मध्ये दप्तराच्या ओझ्याविषयी दिलेला अहवाल आणि २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा यांत 'मुलाने ज्ञान स्वतः रचावे' हा जो आग्रह दिसतो, त्यामागे होशंगाबादसारख्या प्रयत्नांचा अनुभव होता. यशपाल यांचा तर या कार्यक्रमाशी आरंभापासून संबंध होता. १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्को कारखान्यातून रजा घेऊन होशंगाबादला गेलेले अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची नळी यांतून विज्ञानाची जी खेळणी उभी केली, ती पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण केंद्रातून असंख्य मराठी मुलांपर्यंत पोहोचली. 'एकलव्य'च्या 'संदर्भ'पासून स्फूर्ती घेऊन पुण्यातून 'शैक्षणिक संदर्भ' हे मराठी नियतकालिक निघाले. कल्पना अशा दुसऱ्या वाटांनी जगली. पण होशंगाबादच्या खेड्यातील सहावीच्या मुलाला २००२ नंतर तिचा लाभ राहिला नाही, हा तोटा त्याने भरून निघत नाही.

महाराष्ट्रातील दोन दाखले

उपक्रमाला दीर्घायुष्य कसे लाभते, याचा वेगळा दाखला ठाणे जिल्ह्याच्या (आजच्या पालघर जिल्ह्याच्या) भूमीवर सापडतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांपर्यंत नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा आली. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या. पण काम थांबले नाही, कारण अनुताई वाघ पहिल्या दिवसापासून त्यात होत्या आणि १९९२ मध्ये आपल्या निधनापर्यंत त्यांनी ते चालविले. येथे उपक्रमाला वारस तयार होता. १९७५ मध्ये केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शब्दाबरोबर कोसबाडचे बालशिक्षण मात्र त्या प्रमाणात गेले नाही. पोषण, लसीकरण आणि नोंदवह्या यांच्या भाराखाली अंगणवाडी सेविकेला मुलांशी खेळत शिकविण्यास वेळ उरणे मुश्कील झाले. नाव पसरविणे सोपे असते. त्या नावामागची काम करण्याची रीत पसरविण्यास माणसे घडवावी लागतात.

दुसरा दाखला महाराष्ट्राच्याच सुपुत्राच्या विचाराचा आहे. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. परिसरातील शाळांनी एकमेकींना साहाय्य करावे, साधने आणि अनुभव यांची देवघेव करावी, या शाळासमूहाच्या कल्पनेला आयोगाने बळ दिले. होशंगाबादच्या संगम केंद्रांमागे हीच कल्पना होती. महाराष्ट्रातही १९९० च्या दशकात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले. शिक्षकांची मासिक परिषद ठरली. म्हणजे जी यंत्रणा होशंगाबादला कष्टाने उभारावी लागली, तिचा सांगाडा येथे शासनानेच उभा केला आहे. परंतु त्या परिषदेत प्रयोग का फसला याची चर्चा किती वेळ होते आणि परिपत्रकांचे वाचन व माहितीच्या तक्त्यांची मागणी किती वेळ चालते, हे तेथे बसणाऱ्या प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. एक पैही अधिक खर्च न करता ज्यात सुधारणा होऊ शकेल अशी ही जागा आहे.

आरंभापूर्वी विचारावयाचे प्रश्न

महाविद्यालयांची स्थिती याहून निराळी नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार राज्यातील महाविद्यालयांत श्रेयांक, बहुविद्याशाखीय विषय, कौशल्ये आणि प्रत्यक्ष कार्यानुभव यांची नवी रचना लागू होत आहे. तिच्यातील कित्येक कल्पना स्वागतार्ह आहेत. परंतु ज्या विभागातील पूर्णवेळ जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरील अध्यापक ज्यांचा भार वाहत आहेत, तेथे ही रचना कोण सांभाळणार? जो अध्यापक पुढच्या वर्षी या महाविद्यालयात असेल की नाही हे त्यालाच ठाऊक नाही, त्याने पाच वर्षांचा उपक्रम मनात रुजवावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. नवोपक्रमाचा पहिला खर्च साहित्यावर नसतो; तो स्थिर माणसांवर असतो.

म्हणून कोणताही उपक्रम आणण्यापूर्वी काही प्रश्न उघडपणे विचारले जावेत आणि त्यांची उत्तरे आदेशातच लिहिली जावीत. या उपक्रमासाठी शिक्षकाच्या अंगावरील कोणते काम कमी होणार? दिवसाचे तास वाढत नाहीत. तेव्हा काही काढल्याशिवाय काही घालता येत नाही. वर्षअखेरीची परीक्षा या उपक्रमाने शिकविलेली गोष्ट विचारणार आहे काय? पहिल्या प्रशिक्षणानंतर शिक्षकाला दरमहा कोण भेटणार आणि तो तपासावयास येणार की साहाय्यास? साहित्य मोडले तर हिशेबनीस ते खर्ची टाकू शकेल काय? ज्या अधिकाऱ्याच्या उत्साहाने हे सुरू होत आहे त्याची बदली झाल्यावर जबाबदारी कोणाची? आणि मुलांच्या पालकांना हे कोण समजावून सांगणार? या प्रश्नांची उत्तरे नसतील, तर उपक्रम पुढे ढकलणे हेच शहाणपणाचे ठरेल. दहा उपक्रम तीन महिने चालण्यापेक्षा एक उपक्रम दहा वर्षे चालणे मुलांच्या अधिक हिताचे असते.

शासनाकडून एवढी अपेक्षा केल्यावर शिक्षकांच्या वाट्यालाही काही येते. होशंगाबादला जी गोष्ट टिकली ती शिक्षक एकमेकांच्या शाळेत जात होते म्हणून टिकली, आणि ते जाणे कमी झाले तेव्हा तिची मुळे सैल झाली. शिक्षकांच्या संघटनांनी वेतनाच्या आणि बदल्यांच्या प्रश्नांवर दाखविलेली जागरूकता एखादा चांगला उपक्रम बंद पडताना क्वचितच दाखविली आहे. २००२ मध्ये लाखभर मुलांचे विज्ञान एका आदेशाने बदलले. तशी वेळ एखाद्या तालुक्यातील चांगल्या कामावर आली, तर ते बंद का केले याचे लेखी कारण मागण्याइतकी शक्ती तेथील शिक्षक आणि पालक यांच्यात असली पाहिजे. ती आदेशाने येत नाही. ज्यांना त्या कामाचा लाभ झाला आहे त्यांनीच, ते काम चालू असताना, एकत्र येऊन ती उभी करावयाची असते.